उलटा धागा

माणसाला टोपणनाव पडतं ते सहसा दिसण्यावरून नाहीतर एखाद्या खोडीवरून. पाईपच्या दुकानात काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या या गृहस्थांना ते पडलं एका चुकीवरून, आणि ती चूकही त्यांची नव्हती. सकाळी आठ वाजले की शहरातले प्लंबर माल घ्यायला दुकानात जमायचे, काचेवर बोटं वाजवायचे आणि म्हणायचे, "गळतीराव, अर्ध्या इंचाचे चार एल्बो काढा." "गळतीराव, चांगल्यातला टेप द्या, तुमच्यासारखा नको." मग हशा. गळतीराव माल काढून द्यायचे, वर थोडं हसायचेसुद्धा. हसले नाहीत तर लोकांना आणखी चेव येतो, हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. असं अकरा वर्षं चाललं होतं.

त्याआधी ते स्वतः प्लंबर होते, आणि ऐऱ्यागैऱ्या प्लंबर नव्हते. त्यांनी बसवलेला सांधा कोरडा राहायचा तो राहायचाच. काम त्यांना शिकवलं ते ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी. आई लवकर गेली, तेव्हा बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईने यांना वाढवलं, आणि लग्न झाल्यावर माहेरचं सामान म्हणून जणू बरोबरच नेलं. भाऊजींनी कुरकुर केली नाही. चौदाव्या वर्षी मेहुण्याच्या हातात पाना दिला आणि सांगितलं, "हे बघ, आपल्या धंद्यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची. सांधा ज्या बाजूला आवळायचा, त्याच बाजूला पाईपच्या आट्यांवर धागा गुंडाळायचा. उलटा गुंडाळलास तर आवळताना तो उलगडतो आणि गोळा होऊन बाहेर येतो. वर सफेदा फासला की दोन-तीन महिने काही कळत नाही. मग टिपकायला लागतं."

शिकवण सोळा आणे खरी होती. गंमत अशी की ती शिकवणाऱ्याच्याच हाताला पाठ नव्हती. भाऊजी जन्माचे डावखुरे. लहानपणी वडिलांनी बोटांवर पट्ट्या मारून त्यांना उजव्या हातावर आणलं होतं. लिहिणं, जेवणं, पाना धरणं, सगळं उजव्या हाताने आणि झोकात. पण घाई झाली किंवा टाळकं सरकलं की डावा हात पुढे यायचा, आणि डाव्या हाताने गुंडाळलेला धागा उलटाच जायचा. भाऊजींच्या ते ध्यानातही यायचं नाही. हे माहीत होतं फक्त दोघांना: एक ताई, दुसरे गळतीराव. तीन-चार वेळा गळतीरावांनी असे सांधे गुपचूप उघडून पुन्हा नीट बांधले होते. भाऊजींना सांगितलं नाही, कारण शिकवणाऱ्याला कसं सांगणार?

मग वाचनालयाच्या नव्या इमारतीचं काम आलं. भाऊजी तेव्हा नुकतेच कंत्राटं घ्यायला लागले होते. वरच्या मजल्यावर दोन सिंक होती, एक जिन्याजवळ, दुसरं चहाच्या खोलीत. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जिन्याजवळचं गळतीरावांनी केलं. चहाच्या खोलीतलं भाऊजींनी केलं, आणि करताना वाचनालयाचे अध्यक्ष खालच्या दालनातून दर दोन मिनिटांनी घड्याळ बघून ओरडत होते. तीन महिन्यांनी खालच्या दालनाचं छत फुगलं. सिंकखालच्या कपाटात थेंब थेंब पडत राहिलेलं पाणी स्लॅबमध्ये मुरून पुस्तकांच्या तीन कपाटांत उतरलं होतं. पुस्तकं इतकी फुगली होती की कपाटाची दारं उघडेनात. ग्रंथपाल बाई ढसाढसा रडल्या.

कमिटीची बैठक बसली. गळतीराव धावत वर गेले तेव्हा सिंकखाली चकचकीत नवा कॉक होता. जुना भाऊजींनी सकाळीच काढून फेकून दिला होता. बैठकीत भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले, "तो सांधा माझ्या मेहुण्याच्या हातचा. घरचा माणूस म्हणून मी विश्वास टाकला, माझं चुकलं. आजपासून हा माझ्याकडे कामाला नाही." गळतीराव म्हणाले, "भाऊजी, काय बोलताय? ते सिंक तुम्ही केलं." तेव्हा भाऊजी हसले आणि कमिटीकडे वळून म्हणाले, "बघा, वर चोराच्या उलट्या बोंबा. याचं नावच आता गळतीराव ठेवा." कमिटी हसली. त्या हसण्यात विषय मिटला, भाऊजींचं कंत्राट वाचलं, आणि एका माणसाच्या नावावर पाणी पडलं.

एका हशाने काय काय जातं पाहा. काम गेलं, कारण गळणारा प्लंबर कोण बोलावणार? गळतीरावांचं लग्न ठरत आलं होतं, तेही मोडलं. मुलीचा बाप फारसा वाईट नव्हता, पण म्हणाला, "लोक माझ्या मुलीला गळतीरावीण म्हणतील हो." सहा महिन्यांनी भाचीचं लग्न झालं. सख्ख्या मामाला साधी पत्रिका आली नाही. ताईच्या घरचं दार बंद झालं ते झालंच. वर्षातून एकदोनदा ताईचा फोन यायचा. "जेवलास का? तब्येत बरी आहे ना?" एवढं विचारून ती घाईघाईने फोन ठेवायची. गळतीराव समजायचे की बिचारी नवऱ्याच्या धाकात आहे. भाऊजींच्या पापांच्या यादीत ते हेही पाप घालायचे.

गळतीरावांनी भाऊजींवर मनापासून डूख धरला. त्यांना पैसा नको होता, भरपाई नको होती. त्यांना एकच गोष्ट हवी होती: ज्या धंद्यातल्या लोकांसमोर नाव गेलं, त्याच लोकांसमोर भाऊजींनी स्वतःच्या तोंडाने म्हणावं, 'तो सांधा माझा होता.' यासाठी त्यांनी काय काय मनसुबे रचले! दाढी करताना ते आरशासमोर भाषणं करायचे. जेवताना मध्येच घास हातात धरून भाऊजींना असं काही सुनवायचे की भाऊजींच्या तोंडचं पाणी पळावं. प्रत्यक्षात अकरा वर्षांत सूड घेतला तो एकदाच, आणि तोही भाऊजींच्या माणसाला कडक झालेले सात वॉशर विकून. ते दुसऱ्या दिवशी परत आले आणि दुकानाच्या शेठने गळतीरावांनाच झापलं. भाऊजी मात्र या काळात 'साहेब' झाले. हाताखाली वीस माणसं, कानाला फोन, हातात पाना नाही. प्लंबरांच्या संघटनेचे तेच अध्यक्ष. महिन्यातून दोनदा ते दुकानात यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "काय गळतीराव, कोरडे आहात ना?"

अशा वेळी एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला. या वेळी तिने जेवणाचं विचारलं नाही.

"अरे, सिंकखाली गळतंय. येतोस का?"

"तुझ्या घरी वीस प्लंबर पाणी भरतात. मी कशाला?"

"तीन आठवडे झाले, हे म्हणतात बघू, बघू. माणूस पाठवा म्हटलं तर नको म्हणतात. दोन दिवस बाहेरगावी गेलेत कामावर. तू ये."

माणूस पाठवायला नको म्हणतात? गळतीरावांच्या कानाला हे खटकलं. स्वतःच्या घरातली एवढीशी गळती, आणि साहेबांना तिथे कुणाचा हात लागायला नको होता. गळतीरावांनी पलंगाखालची जुनी पिशवी ओढून काढली, पान्यांवरचा गंज पुसला, आणि अकरा वर्षांत चढले नव्हते ते जिने दोन-दोन पायऱ्या टाकत चढून गेले.

ताईचे केस पांढरे झाले होते. तिने दार उघडलं, भावाकडे नीट पाहिलंही नाही आणि सरळ स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिथलं सगळं नवं होतं. गुळगुळीत ओटा, बंद होताना आवाज न करणारे ड्रॉवर. सिंकखालचं दार तेवढं पाण्याने फुगून अर्धवट उघडं राहिलं होतं. आत फिनेलची बाटली, भांड्यांचा साबण, पिशव्यांनी गच्च भरलेली एक पिशवी, आणि मागच्या बाजूला कॉकखाली एक स्टीलचं पातेलं. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्.

"दर तीन तासांनी ओतते," ताई म्हणाली. "कुठे गेले की जीव सगळा या पातेल्यात."

गळतीरावांनी सामान बाहेर काढलं, खाली पोतं अंथरलं आणि कंबरेपर्यंत आत सरकले. ताईने टॉर्च धरली. बोट फिरवल्यावर कळलं की नळी ठीक आहे, कॉकही ठीक आहे. भिंतीतून कॉक जिथे बाहेर येतो, नेमक्या त्या सांध्यावर थेंब धरत होता. आणि तिथे धाग्याचा एक ओला झुबका बाहेर आलेला होता.

झुबका पाहताच गळतीरावांनी टॉर्च जवळ ओढली.

"ताई, हे कोणी बसवलं?"

"ह्यांनीच. ओटा नवीन केला तेव्हा. पाहुणे यायचे होते, ह्यांचा माणूस आला नाही, मग चिडचिड करत स्वतःच बसले."

गळतीरावांनी मुख्य कॉक बंद केला, पाना लावला आणि सांधा हळूहळू सोडवला, बाळाचं टोपडं काढावं इतक्या अलगद. कॉक हातात आला. त्यांनी तो टॉर्चसमोर धरला. आट्यांवर धागा गुंडाळला होता तो पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटा. वर सफेद्याचा जाड थर. अकरा वर्षांपूर्वी कचऱ्यात गेलेला तो कॉक पुन्हा हातात यावा, तसं झालं. त्याच माणसाची तीच चूक, आणि ती त्याच्याच घरात सापडली होती. गळतीराव तिथेच, फिनेलच्या वासात, पाठीखालचं पोतं भिजत असताना, मोठ्याने हसले. किती तरी वर्षांनी ते स्वतःच्या खुशीने हसत होते.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"तुझ्या नवऱ्याची सही सापडली."

त्यांनी कॉक रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. भिंतीतल्या भोकाला प्लग मारला. घरातलं बाकीचं पाणी सुरू केलं, स्वयंपाकघराची लाईन कोरडी ठेवली.

"अरे, नवा कॉक?"

"लावीन. पण मंगळवारी भाऊजींना सकाळी आठला दुकानात पाठव. चारचौघांसमोर त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, 'वाचनालयातला सांधा माझा होता.' मग मी येतो आणि तुझं पाणी सुरू करतो. दुसऱ्या कुणाला बोलावलंत तर हा कॉक मी संघटनेच्या फळ्यावर टांगेन. सांग त्यांना."

आता ताई रडेल, हातापाया पडेल, 'माझ्या संसाराचा तरी विचार कर' म्हणेल, अशी गळतीरावांची तयारी होती. उत्तरंसुद्धा तयार होती. पण ताई म्हणाली, "पाठवते." एवढंच. गळतीरावांना जरा चुकल्यासारखं वाटलं. पण सुडाच्या कैफात असलेल्या माणसाला असल्या गोष्टींचा विचार करायला फुरसत नसते. भाऊजींचा पाणउतारा करायचा म्हणून ताईला दोन दिवस न्हाणीघरातून बादल्या वाहाव्या लागणार, हेदेखील त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मंगळवारी गळतीराव साडेसातलाच दुकानात हजर. इस्त्रीचा शर्ट घातलेला. काउंटरची काच त्यांनी तीनदा पुसली. आठ वाजेपर्यंत नऊ-दहा प्लंबर जमले. त्यात सगळ्यांत वयस्कर आप्पाही होते. हे आप्पा सत्तरी ओलांडलेले, सांध्यावर नुसती नजर टाकून तो कुणी बांधला ते सांगणारे, आणि वाचनालयाच्या वेळी 'गळतीराव' या नावावर सगळ्यांत आधी हसलेले. गळतीरावांनी आज मुद्दाम सगळ्यांचा माल द्यायला उशीर लावला.

सव्वाआठला भाऊजी आले. दारातून आरोळी आली नाही. आत येऊन ते काउंटरवर वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तमाशा नको. काय हवं ते घे आणि घरचं काम करून टाक. तिच्या कंबरेची वाट लागली आहे बादल्या वाहून."

"काय हवं ते ताईने सांगितलंच असेल," गळतीराव सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, आणि त्यांनी रुमाल उघडून कॉक काचेवर ठेवला. "आप्पा, जरा बघा हो. उलटा धागा आहे की सुलटा?"

आप्पांनी चष्मा कपाळावरून खाली आणला. "उलटा. हे कुणाचं कर्तृत्व?"

"साहेबांच्या स्वयंपाकघरातलं. साहेबांनी स्वतः बसवलेलं. आणि वाचनालयातलंही यांचंच होतं. मी अकरा वर्षं सांगतोय."

भाऊजींचा चेहरा लाल झाला, पण ते कसलेले कंत्राटदार होते. ते हसले. "अरे, माझ्याकडे वीस पोरं आहेत. कोणीतरी बसवला असेल. मी आणि उलटा धागा? आण इकडे निपल. आण धागा. या सगळ्यांसमोर गुंडाळून दाखवतो."

नेमकं हेच गळतीरावांना हवं होतं. त्यांनी निपल, म्हणजे आटे पाडलेला पाईपचा आखूड तुकडा, पुढे केला, धाग्याची गुंडी दिली. भाऊजींनी उजव्या हातात धागा धरला, ओठ दुमडले, आणि शाळेतल्या पोरासारखं जपून, एकेक आटा धरत गुंडाळला. सुलटा. अगदी पुस्तकात छापावा असा. आप्पांनी मान डोलावली. एक-दोघे हसायला लागले, आणि ते हसणं कुणाच्या वाट्याला येणार हे गळतीरावांना पुरतं ठाऊक होतं.

पण अकरा वर्षं आरशासमोर केलेली तालीम फुकट जात नाही.

"छान," गळतीराव म्हणाले. "अजून एक करा. लवकर करा मात्र, गिऱ्हाईक खोळंबलंय." दुसरा निपल पुढे आला. "असं हळूहळू तर माझी भाचीसुद्धा गुंडाळेल. हो, पण मला काय माहीत, तिच्या लग्नाला मी होतोच कुठे! आवळा हो साहेब, उद्घाटन उद्यावर आलंय. अध्यक्ष घड्याळ बघतायत. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मेहुण्याला हाक मारू. नाहीतरी तुमचे सांधे मीच मागाहून उघडून बांधत होतो. तीन-चार वेळा बांधले. शिकवणाऱ्याची लाज राखली. ऐकताय ना?"

"तोंड सांभाळ!" भाऊजी कडाडले. "अरे, हजारो सांधे बांधलेत या हातांनी! तू लंगोट लावून फिरत होतास तेव्हापासून! तू मला शिकवणार? तू? माझ्या ताटात जेवलेला..."

भाऊजी बोलत होते आणि हात चालले होते. बोलता बोलता निपल उजव्या हातात गेला, धागा डाव्या हातात आला. सरसर, सरसर, न बघता. दुकानातला एकही माणूस त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हता. सगळे हाताकडे पाहत होते. भाऊजींना ते कळलं तेव्हा अर्धा निपल भरला होता. त्यांनी खाली पाहिलं, आणि वाक्य तोंडातच राहिलं.

आप्पांनी तो निपल हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला आणि काचेवर, त्या कॉकच्या शेजारी ठेवला. दोन्हींवरचा धागा एकाच बाजूला, चुकीच्या. कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत या माणसांना बाकी काही कळत नसेल, धाग्याची दिशा कळत होती.

"म्हणजे पोरगं खरं बोलत होतं," आप्पा म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांच्या पोरग्याने काच चौथ्यांदा पुसली.

भाऊजींनी काउंटरची कड धरली. मग म्हणाले, "हो. वाचनालयातला सांधा माझा होता." आवाज बारीक होता, पण दहा जणांनी ऐकला. कोणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "साहेब, त्या कॉकचं बघा आणि संघटनेच्या खुर्चीचंही बघा आता." दुसरा गळतीरावांकडे वळला, काहीतरी मागायला तोंड उघडलं, आणि नेहमीची हाक मारायला त्याची जीभ रेटेना. तो नुसताच म्हणाला, "अहो, दोन टेप द्या." गळतीरावांना त्या 'अहो'ने जे सुख दिलं, ते सांगून कळायचं नाही. त्यांना वाटलं, दुकानाबाहेर जावं आणि रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगावं. सूड गोड असतो, आणि नसतो असं म्हणणाऱ्याने तो कधी घेतलेला नसतो.

भाऊजी निघाले. दारात थांबले आणि मागे न वळता म्हणाले, "तुझं नाव घ्यायचं माझ्या मनात नव्हतं. त्या सकाळी मी माझी चूक सांगायलाच निघालो होतो."

"मग काय वाटेत भूत भेटलं?"

"घरी जा. पाणी सुरू कर," भाऊजी म्हणाले, आणि गेले.

गळतीरावांनी शेठकडून सुट्टी घेतली, दुकानातला सगळ्यांत चांगला कॉक निवडला आणि ताईचं घर गाठलं. भाऊजी घरी आलेले नव्हते. ताईने पोतं अंथरूनच ठेवलं होतं. गळतीरावांनी मुख्य कॉक बंद केला, आत सरकून प्लग काढला, आटे पुसले आणि ते नव्या कॉकवर धागा गुंडाळायला लागले. हात आपलं काम करत होते आणि तोंड आपलं. त्यांनी सगळं रंगवून सांगितलं: आप्पांचा चष्मा, भाऊजींचा लाल चेहरा, सरसर चाललेला डावा हात. टॉर्च धरून ताई ऐकत होती.

"आणि जाता जाता काय म्हणतात, तुझं नाव घ्यायचं माझ्या मनात नव्हतं! खोटारडा माणूस. त्यांच्या मनात नव्हतं, मग कुणाच्या मनात होतं?"

टॉर्चचा उजेड सांध्यावरून घसरून भिंतीवर गेला.

"माझ्या," ताई म्हणाली.

गळतीरावांचे हात थांबले. सिंकखालून त्यांना ताईचे फक्त पाय दिसत होते, आणि साडीची भिजलेली कड.

"वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे आपल्या पोरीचा होणारा सासरा. बोलणी पक्की होत आली होती. ह्यांनी आदल्या संध्याकाळी मला सांगितलं की सांधा माझा आहे, उद्या कबूल करतो. मी म्हटलं, कबूल केलंत तर कंत्राट जाईल आणि पोरीचं लग्नही. त्याचं नाव सांगा. तो एकटा आहे, त्याच्यामागे कोणी नाही, तो निभावून नेईल. ह्यांनी रात्रभर नाही म्हटलं. सकाळी सांगायला निघाले, तेव्हाही मी दारात अडवलं. मला वाटलं, वर्षभरात लोक विसरतील." तिने टॉर्च पुन्हा सांध्यावर धरली. "पत्रिकासुद्धा मीच पाठवू दिली नाही. तू आला असतास तर मला तुझ्याकडे बघवलं नसतं."

"माझं लग्न मोडलं, ते तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि आता कशाला बोलावलंस?"

"मला आता सहन होत नव्हतं. सांगायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, तूच तो सांधा उघड, म्हणजे सगळं बाहेर येईल. अरे, काहीतरी बोल. शिव्या दे मला."

गळतीरावांकडे शिव्यांचा काय तोटा? अकरा वर्षं घोळवून घोळवून गुळगुळीत केलेल्या होत्या. पण त्या सगळ्या भाऊजींच्या मापाच्या होत्या. आईच्या मागे ज्या बाईने आपल्याला भरवलं, आपलं डोकं धुतलं, तापात उशाशी बसून राहिली, तिच्या मापाची एकही नव्हती. त्यांनी कॉक सांध्यात बसवला. पाना लावून आवळला. मग अर्धी फिरकी आणखी. पाणी सुरू केलं. कोरडं बोट सांध्याभोवती फिरवलं, पाच मिनिटं थांबून पुन्हा फिरवलं. थेंब नव्हता. काम झकास झालं होतं. वाईट काम कसं करायचं हे त्या हातांना आजही माहीत नव्हतं.

ते बाहेर आले. पोत्याची घडी घातली. हत्यारं एकेक करून पिशवीत ठेवली. ताई समोर उभी होती, दोन्ही हातांनी टॉर्च धरून, जशी लहानपणी ते शाळेतून यायची वाट बघत दारात उभी राहायची तशीच, फक्त म्हातारी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गळतीरावांना ते दिसलं, नीट दिसलं. ती एका शब्दाची वाट बघत होती, मग तो कसलाही असो, हेही त्यांना कळलं.

दाराशी जाऊन त्यांनी चपला घातल्या. प्लंबर होते तेव्हा काम संपवून निघताना परक्या गिऱ्हाइकाला जसं सांगत, तसं त्यांनी शांत आवाजात सांगितलं:

"झालंय काम, बाई. दोन दिवस सांध्याला धक्का लावू नका. काही वाटलं तर दुकानात निरोप द्या. मी माणूस पाठवीन."